बैलाच्या पाठीवरचं आभाळ

प्रिय यूलिनामावशी,

आधी खाली बस. बसलीस का? मग ऐक. तुझ्या खाटेखालच्या पेटीत नव्या बैलाचं कातडं नाहीये. फडक्याखाली तुझ्या हाताला जी घडी लागते ना, तो माझा झोपायचा जुना झुला आहे. निघायच्या आदल्या दिवशी तू चर्चमध्ये गेलीस तेव्हा मी अदलाबदल केली. अकरा महिने तू ज्या मखमलीवर मणी टाचलेस, ती मखमल माझ्या डफाच्या पिशवीत बसून मेळ्यासोबत समुद्र ओलांडून इकडे पोर्तुगालच्या उत्सवाला आलीय. आता तू पायातली चप्पल काढली असशील. काढ, पण फेकू नकोस. मधे सगळा समुद्र आहे, चप्पल वाया जाईल.

मी काय केलंय ते मला कळतंय. तेवीस जूनला संत जुआंवसमोर मेणबत्ती लावून आपल्या नाचाच्या लाकडी बैलाचा बाप्तिस्मा होईपर्यंत त्याचं नवं कातडं कोणाच्या नजरेला पडायचं नाही, हे आपल्या बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते पाहिलेलं फक्त दोघांनी, शिवणारी तू आणि सुईत दोरा ओवून देणारा मी. आणि अनाक्लेतुमालकांनी विमानतळावर सगळ्या मेळ्यासमोर माझा कान धरून सांगितलं होतं, "खेकड्या, तिकडे एक जरी खोडी केलीस तर परत आल्यावर तुझा डफ खुंटीला आणि तू घरी. यूलिनाचं तोंड बघून नेतोय तुला, तुझं तोंड बघून नाही." तरी मी नेलं. का नेलं ते सांगतो, पण एकदम सांगायची छाती होत नाही. पाण्यात शिरताना आधी पाय भिजवावे लागतात तसं हळूहळू सांगतो.

हे पत्र आपला सोंगाड्या क्लेमेन्सियु आणतोय. त्याच्या लेकीचे दिवस भरलेत म्हणून तो आमच्या दोन दिवस आधी निघतोय. त्याला वाचता येत नाही म्हणून मुद्दाम त्याच्याकडे दिलं. पाकीट एवढं फुगलंय कारण अक्षरं मोठी काढलीत, पोस्टर रंगवायच्या जाड काळ्या पेनानं. पेन उत्सवाच्या ऑफिसातून उचललाय. एका कागदावर दहा-बारा ओळींच्या वर मावत नाही. क्लेमेन्सियुला वाटतंय आत तुझ्यासाठी पाव आहे. वाटू दे. तू मात्र हे एकटीनं वाच. दारात उन्हाला बस आणि वाच. शेजारणीला "जरा वाचून दाखव गं" म्हणालीस तर मेलो मी.

पहिल्या दिवशी आमची शोभा झाली. व्हिलार गावात नदीकाठी मोठा मंडप घातला होता, आणि गेटावर माणसापेक्षा उंच पोस्टर, त्यावर आपला गेल्या वर्षीचा बैल, शिंगांना झिरमिळ्या लावलेला. उत्सवाचे साहेब हात पसरून आले. म्हणाले, "या या! बैल कुठाय?" मालक म्हणाले, "मेला." साहेबांचा चेहरा पडला. "अरेरे, कधी?" "सप्टेंबरात. खेळ संपले की दरवर्षी मरतो." "मग नवा?" "नव्याचा अजून बाप्तिस्मा व्हायचाय. बाप्तिस्म्याआधी बैल नाचत नाही." साहेब क्लेमेन्सियुकडे बघायला लागले, कारण सोंगाड्याचे कपडे त्याच्या अंगावर होते, त्यांना वाटलं हा विनोद त्याचाच. मग ते म्हणाले, चर्च समोरच आहे, पाद्री माझे मित्र आहेत, दुपारी उरकून टाकू की! मालकांनी हॅट काढली. मालक हॅट काढतात तेव्हा मी मागे सरकतो. पण शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या लेकराचा बाप्तिस्मा तुम्ही परगावात, आई जवळ नसताना, जेवणाच्या सुट्टीत उरकाल का?" ठरलं मग, बैल नाही, नुसतं गाणं-वाजवणं. अख्ख्या बेटावर जूनमध्ये ज्यांची गाणी पोरंसोरं म्हणतात ते अनाक्लेतुमालक आणि मागे आम्ही सव्वीस माणसं. आणि माझ्या पायाशी, पिशवीत, बैल!

पण गाणंही धड झालं नाही. इथे मे महिन्यातही पाऊस आणि गारठा. डफांची कातडी ओल्या चादरीसारखी लोंबायला लागली. वाजवलं की डफ बोलायचा नाही, ढेकर द्यायचा. लोक खुर्च्यांवर घडी घातल्यासारखे बसलेले, प्रत्येक गाण्यानंतर सभ्यपणे टाळ्या. मावशी, एवढ्या सभ्य टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. शिव्या परवडल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही काय करणार, जे घरी करतो तेच केलं. मंडपामागे चार फळकुटं गोळा केली, जाळ केला आणि डफ शेकायला बसलो. मस्त कातडी ताणायला लागली, मालक टिचकी मारून सूर बघतायत, आणि कुठून तरी तीन बंबवाले धावत आले. विचारणं नाही काही नाही, पांढरा फेस सोडला. जाळावर, डफांवर, आणि मालकांच्या हॅटवर. मालक तसेच उभे, डोक्यावर फेसाचा डोंगर. मी हसलो नाही. तुझी शपथ, ओठ चावून रक्त काढलं पण हसलो नाही. हसला तो क्लेमेन्सियु.

तिथेच ग्रासिंदाबाई भेटल्या. कपड्यांच्या खोलीचं सगळं त्यांच्याकडे. साठ-पासष्टच्या असतील, काळा झगा, गळ्यात मोजायची फीत सापासारखी लोंबतेय. त्या बंबवाल्यांवरच ओरडल्या, "अरे मेल्यांनो, माणसं स्वयंपाक करत असती तरी असंच केलं असतंत का?" त्यांना वाटलं आम्ही डफ भाजून खाणार आहोत. मालकांनी समजावलं की शेकल्याशिवाय कातडं बोलत नाही. बाई म्हणाल्या, "एवढंच ना? चला." त्यांच्या बहिणीची मक्याच्या पावाची भट्टी आहे, दोन गल्ल्या सोडून. मग रोजचा नेमच झाला. दुपारी पाव निघाले की भट्टीच्या तोंडाशी आमचे डफ रांगेनं उभे. त्या दिवसापासून डफ असे वाजायला लागले की मंडपाच्या कापडाला हादरे. पुढच्या रांगेतला एक म्हातारा काठी टाकून उठला आणि एका पोलीसबाईचा हात धरून नाचायला लागला. तो उठला मग बाकीचे कुठले बसतायत! खुर्च्या गोळा करून बाजूला कराव्या लागल्या. मालकांच्या शिट्टीवर सव्वीस जण एकदम थांबायचो, तेव्हा गावातली कुत्री भुंकताना ऐकू यायची, आणि परत सुरू झालो की माणसं ओरडायची. आता इथली पोरं रस्त्यात आम्हाला बघून दोन दगड एकमेकांवर आपटतात, आपल्या लाकडी फळ्यांचा ताल बरोबर पकडून. शिवाय आमच्या डफांना ताज्या पावाचा वास येतो, ते वेगळंच.

बरं. आता पाय भिजलेत. आता उडी मारतो.

मार्च महिन्यातली गोष्ट. तू संत जुआंवच्या मागचं आभाळ भरायला घेतलं होतंस. सकाळी तू मासळी आणायला गेलीस आणि मला खोडी सुचली. निळ्या मण्यांचा डबा आणि काळ्या मण्यांचा डबा, मी आतले मणी बदलून टाकले. म्हटलं, मावशी येईल, बसेल, दोन टाके घालेल, मग ओरडेल "एदिव्हाऽऽन!", मग चप्पल येईल. दाराआड उभा राहिलो. तू आलीस, बसलीस, मी दोरा ओवून दिला. टाके घातलेस. दोन नाही, वीस. मग ओळ झाली. मग दुसरी ओळ. मी मुद्दाम समोर येऊन विचारलं, "मावशी, आभाळ कसं दिसतंय?" तू हात फिरवून म्हणालीस, "निळंशार. बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी असतं तसं." चप्पल आलीच नाही, मावशी. मी दाराशी उभा होतो आणि पहिल्यांदा मला वाटलं की चप्पल यावी.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. त्या रात्री मणी परत बदलून ठेवले, पण तेवढ्यात हातभर आभाळ काळं झालं होतं. मग एकेक आठवायला लागलं. दोरा मी का ओवून देतो. रस्त्यात माणूस बोलल्याशिवाय तू त्याला नावानं हाक का मारत नाहीस. भातात कोळंबी घालायच्या आधी हातानं का चाचपतेस. आणि मला हेही ठाऊक होतं की तू हे कोणाला का सांगत नाहीस. त्या दोन बहिणी, शिलाई मशीनवाल्या, गेली तीन वर्षं मालकांच्या कानाशी लागल्यात. "म्हातारीला किती त्रास देता, कातडं आमच्याकडे द्या, पंधरा दिवसांत करून देतो." मशीननं! बैलाला मशीननं शिवलेलं कातडं! बेचाळीस बैल तुझ्या सुईखालून गेलेत. सुई हातातून गेली की तू नुसती खुर्चीत बसून राहशील, आणि खुर्चीत बसलेली तू मला बघवणार नाही. तेवीस तारखेला मालक कातडं उघडणार, सगळ्या वाडीसमोर, आणि संत जुआंवच्या डोक्यावर काळं आभाळ. त्याच मिनिटाला सगळ्यांना कळणार. आणि ते माझ्या खोडीमुळे.

म्हणून नेलं. म्हटलं, तिकडे कोणी ओळखीचं नसेल, गुपचूप उसवीन आणि निळं भरीन. आता मला शिवता येतं का? सुईत दोरा ओवता येतो, संपलं. पहिल्या दिवशी पाच मणी टाचले आणि दोन माझ्याच पँटीला शिवले गेले. शेवटी दुपारी डफ भट्टीवर लावून मी पिशवी घेऊन ग्रासिंदाबाईंच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. हो, परक्या बाईला दाखवलं. बाप्तिस्म्याआधी. मार नंतर.

बाईंनी कातडं खिडकीत पसरलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हा हात कोणाचा?" मी म्हटलं, माझ्या मावशीचा. म्हणजे सख्खी नाही, माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरलेली. "असा हात मी तीस वर्षांत पाहिला नाही," त्या म्हणाल्या, "आणि हे काळं कोणी केलं?" मी सगळं सांगितलं, डबे आणि चप्पल आणि सगळं. मला वाटलं त्याही मारतील. पण त्यांनी कोकराकडे बोट दाखवलं. "आणि हे? पांढऱ्यात पिवळे मणी मिसळलेत. हेही डबे तूच बदललेस?" मी नव्हते बदलले, मावशी. ते तुझं तूच केलंस. बाई हसल्या. म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, रे गाढवा. मला विचार. चार वर्षांपूर्वी मी नवऱ्याच्या काळ्या विजारीला निळ्या दोऱ्यानं ठिगळ लावलं आणि तो तसाच मयताला जाऊन आला. मग पोरीनं धरून नेलं डॉक्टरकडे. अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि नवऱ्याकडे बघितलं. अगं बाई, केवढा म्हातारा झालाय हा! म्हटलं, पट्टी परत बांधा."

मी एवढा हसलो, एवढा हसलो, की मग रडायलाच आलं. मी समजत होतो की तुझे डोळे गेले. गेले म्हणजे गेले, देवानं नेले. ही बाई सांगत होती की नुसता पडदा आलाय, आणि पडदा निघतो.

मग दहा दुपारी मी त्या खिडकीत बसलो. बाईंनी सुई धरायला शिकवलं. "मिठी मारू नकोस, हात मिळव," म्हणायच्या. इथल्या बायकांच्या सणाच्या शालींवर असतात तसले निळे मणी त्यांच्याकडे एका बरणीत होते, ते दिले. एकेक काळा मणी काढायचा, एकेक निळा घालायचा. मावशी, पहिल्या दुपारी मला कळलं की वीतभर आभाळ म्हणजे काय. मी तीन तासांत तुझ्या तळहाताएवढं केलं. तू बेचाळीस वर्षं हे करत होतीस, आणि मी तुझ्या पायाशी बसून तुझ्या स्लीपरला डिंक लावत होतो.

तिथे बसून बसून मला एकेक गोष्ट आठवायची. आई मला तुझ्याकडे ठेवून बेलेंला कामाला गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. पहिल्या रात्री मी रडत नव्हतो, तुझ्या पिठात वाळू मिसळत होतो, आणि तू सकाळी ती चाळत बसलीस, चप्पल न काढता. आणि मालकांच्या हॅटमध्ये खेकडा सोडला तेव्हा? मालकांनी अंगणातून हाकलून दिलं होतं मला, म्हणाले होते, या कार्ट्याला मेळ्याच्या आसपास फिरकू देऊ नका. तू मला हाताला धरून परत घेऊन गेलीस. सगळे उभे होते, मालकांच्या नाकाला फडकं बांधलेलं, आणि तू म्हणालीस, "याचे हात रिकामे आहेत म्हणून खेकडा धरतात. हातात डफ द्या. बिघडला तर मी आहे." तो डफ मला तेवढ्यामुळे मिळाला. मी आज इथे, विमानात बसून, चादरी घातलेल्या पलंगावर झोपून, लोकांना नाचवून आलोय, ते त्या तीन वाक्यांवर. मी तुला कधी तसं बोललो नाही. आपल्यात असं बोलत नाहीत. म्हणून लिहितोय.

आता पुढचं ऐक, म्हणजे वाच. अकराव्या दुपारी मालक आले. झग्याचं बटण तुटलं म्हणून बाईंकडे आले, दार न वाजवता, मालक दार कुठे वाजवतात. मांडीवर कातडं, हातात सुई, आणि मी. पळायलाही जागा नाही. मालकांनी आधी क्रुसाची खूण केली. मग जवळ येऊन आभाळाकडे बघितलं. कोपऱ्यातलं काळं अजून शिल्लक होतं. म्हणाले, "हे काळं कोणाचं?"

मी म्हटलं, "माझं."

"यूलिनाला दिसलं नाही?"

हाच प्रश्न नको होता, मावशी. ग्रासिंदाबाई माझ्याकडे बघत होत्या. मग माझ्या तोंडातून आपोआप निघालं, खोटं माझ्या तोंडातून नेहमी आपोआपच निघतं, पण एवढं सरळ कधी निघालं नव्हतं. मी म्हटलं, "तिचं निळं मी इथे आणून उसवलं आणि काळं शिवलं. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगळ्यांची गंमत करायची होती. म्हणून चोरलं. तिला काही माहीत नाही." मालक म्हणाले, "तू? शिवलंस? बोटं दाखव." मी बोटं दाखवली. दहा दिवसांची टोचलेली बोटं, सुजलेली, दोन नखं काळी-निळी. पुरावा पक्का! तुझं आभाळ दुरुस्त करताना पडलेली भोकंच माझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली.

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "यूलिनानं तुला हातावर वाढवलं, खेकड्या. तिच्या अकरा महिन्यांवर तू गंमत केलीस." आणि कातडं घडी घालून काखेत मारून गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "समारोपाला डफ नाही. आणि यंदाचा सगळा जून नाही. बाप्तिस्म्यालाही नाही. जाळाला लाकडं घालायची, तेवढंच." बाई बोलायला गेल्या तर मी त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला, नंतर माफी मागितली.

काल समारोप झाला. मी खाली माणसांत उभा होतो. मावशी, इतकी वर्षं मी मेळ्याच्या आत होतो, बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. आत असलं की आपल्याला फक्त आपला डफ आणि शेजाऱ्याचा घाम. बाहेरून ते असं येतं की जमीन पायाखालून सरकावी. आधी फळ्या, पावसासारख्या. मग डफ. आणि डफांत एक जागा रिकामी होती, ती फक्त मला ऐकू येत होती. माझ्या बाजूला तो काठीवाला म्हातारा होता. तो ओरडून म्हणाला, "तू त्यांच्यातला ना? वर का नाहीस?" मी म्हटलं, "दात दुखतोय." तो म्हणाला, "दातानं वाजवतोस का?"

शेवटी मालक खुळखुळा घेऊन पुढे आले. साहेब कडेला उभे होते, अजून बैलाची आशा धरून. आणि मालकांनी तिथल्या तिथे नवं गाणं जोडलं:

बैल विचारता, बैल कुठे हो, बैल अजून आला नाही,
यूलिनाच्या सुईखालून मान त्याची निघाली नाही.
समुद्रापल्याड तिच्या दारी उभा आहे तो खोळंबून,
आभाळ पाठीवर चढल्यावाचून पाऊल टाकणार नाही.

चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा अख्खा मंडप म्हणायला लागला, "यूलिना, यूलिना" करत. तुला न पाहिलेली दोन-तीन हजार माणसं, मावशी, तुझं नाव घेऊन पाय आपटत होती. पोलीसबाईसुद्धा. आणि "समुद्रापल्याड" म्हणताना मालकांनी सरळ माझ्याकडे बघितलं, कारण तेव्हा तो बैल समुद्रापल्याड नव्हता, त्यांच्याच पलंगाखाली होता. मेळ्याची अब्रू राखायला मालक गाण्यात खोटं बोलले! मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. डफ नव्हता तर मी आपला छातीवर वाजवला.

एक सांगायचं राहिलं. कोपऱ्यातलं, डाव्या शिंगाच्या मागचं, चार बोटं आभाळ काळंच राहिलंय. कातडं मालकांच्या पलंगाखाली, पेटीच्या कुलपात आहे, मला हात लावू देत नाहीत. कोणी विचारलं तर म्हण, तिकडे संध्याकाळ झालीय. आणि कोकराचे पिवळे मणी मी काढले नाहीत. बाई म्हणाल्या राहू दे, सोन्याची झाक आलीय, मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

आता हे सगळं का लिहिलं ते. गेल्या मंगळवारी मी उत्सवाच्या ऑफिसातून आपल्या आरोग्य केंद्रात फोन केला. तुझ्या आवाजात. तुझा खोकलासुद्धा काढला. म्हटलं, "मी यूलिना बोलतेय, पोरी, डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर लाव, आणि लवकर लाव, मला बैल शिवायचेत." पोरगी म्हणाली, "आज्जी, तुमचा आवाज बसलाय." म्हटलं, "म्हातारपण आहे, लाव नंबर." बुधवारी, बारा तारखेला, सकाळी सात वाजता. वय एकाहत्तर सांगितलंय, चुकलं असेल तर तिथे भांडू नकोस. ओळखपत्र फडक्यात बांधून ठेव. मी रविवारी येतोय, मी नेणार तुला, बसमध्ये खिडकीजवळ बसवणार, आणि तू "मला काही झालं नाही" म्हणालीस तर उचलून नेणार. त्या दिवशी नुसतं तपासतील, मग ऑपरेशनची तारीख देतील, मग पुढच्या बैलाला अजून वर्ष आहे. फक्त तोवर, मावशी, पाया पडतो तुझ्या, मालकांना खरं सांगू नकोस. मला माहितीय तू वाचल्यावाचल्या बाह्या सरसावून त्यांच्या अंगणात जाणार, माझ्यासाठी भांडायला. जाऊ नकोस. तू माझी बाजू घेतलीस की ते विचारणार, का घेतेस, आणि एकदा विचारलं की तुला खोटं बोलता येत नाही. मला येतं, ते माझ्यावर सोड. माझं नाव आधीच इतकं काळं आहे, त्यात अजून चार मणी कोणाला दिसणार? एक जून नाही वाजवला तर मरत नाही मी. लाकडं घालीन, डफ शेकून देईन सगळ्यांचे, तेही करायला कोणीतरी लागतंच. तू फक्त तेवीस तारखेला मेणबत्ती धरून उभी राहा, बैल उघडला की सगळे "काय आभाळ आहे!" म्हणतील, तेव्हा मान हलव, आणि माझ्याकडे बघून शिव्या घाल, चोर म्हण, नालायक म्हण, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. पण कोणाला सांगू नकोस गं. कोणाला म्हणजे कोणालाच नाही. देवालासुद्धा तोंडानं सांगू नकोस, पाद्री कान देऊन असतात.

तुझाच नालायक,
एदिव्हान खेकडा